चुकांचं पान

कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, अभ्यास चाललाय ना?" देवरे सर विचारायचे, "चूक सापडली का?" बस स्टॉपवर, कँटीनच्या दारात, एकदा तर वर्गातल्या एका मुलीच्या लग्नात, हातात अक्षता असताना त्यांनी मला हेच विचारलं होतं. नवीन मुलं घाबरायची. आपलंच काही चुकलं की काय? मग जुनी मुलं हसून सांगायची, "अरे, वहीतली चूक. तुझी नाही."

वही म्हणजे सरांनी पहिल्या वर्षाच्या बी.एस्सी.च्या मुलांसाठी लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्यातली निम्मी मुलं मराठी शाळांतून आलेली, आणि कॉलेजची सगळी पुस्तकं इंग्रजी. ती ग्रंथालयात इतकी थोडी की नंबर लागेपर्यंत परीक्षा यायची. म्हणून सरांनी सोप्या मराठीत सगळा अभ्यासक्रम लिहून काढला, प्रयोगांसकट. सायक्लोस्टाइल करून, दोऱ्याने शिवून ते सगळ्यांना द्यायचे. पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं : 'हे पुस्तक कोणीही उतरवून घ्यावे, छापावे, वाटावे, सुधारावे. परवानगी विचारू नये. फक्त पुढच्यालाही हेच करू द्यावे.'

शेवटचं पान कोरं असायचं. वर मथळा, 'चुकांचे पान'. वाचताना चूक सापडली की तिथे लिहायची आणि खाली आपलं नाव घालायचं. मार्चमध्ये सर सगळ्या वह्या मागून घेऊन ते पान बघायचे. पुढच्या वर्षीच्या वहीत ती चूक दुरुस्त केलेली असायची आणि शोधणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं. पान कोरंच परत आलं तर सर भडकायचे. ते बागलाणातले. वर्गात शुद्ध बोलायचे, पण राग आला की त्यांच्या तोंडून घरची बोली निघायची. "हाई काय शे? कोरं? म्हणजे तू वाचलंच नाहीस!"

एकदा दुसऱ्या एका सरांनी त्यांना माझ्यासमोरच चिडवलं, "देवरे, प्रकाशकाला द्या की हे. नाव होईल, पुस्तकावर फोटो येईल."

"माझा फोटो बघून मुलं नापास होतील," सर म्हणाले. "आणि प्रकाशक चूक सुधारायला पुढच्या आवृत्तीपर्यंत, चार-चार वर्षं थांबतो. माझ्या पोरांची परीक्षा दर मार्चला असते."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती माझ्या अक्षरामुळे. आमचं घर मखमलाबादचं, फुलशेतीचं. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब. घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मुलगी तर नाहीच. मी कॉलेजात शेवटच्या बाकावर बसायचे आणि कोणी नाव घेतलं तरी दचकायचे. एक दिवस सर प्रयोगाच्या जर्नलांचा गठ्ठा घेऊन आले, त्यातलं एक वर धरलं आणि विचारलं, "हे कोणाचं?" मी उभी राहिले.

"अक्षर चांगलं आहे गं तुझं," सर म्हणाले. "दाबून लिहितेस. स्टेन्सिल लिहिशील का?"

तेव्हा मराठी आणि सूत्रं दोन्ही येतील असा टाइपरायटर कॉलेजात नव्हता. मेणाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने हाताने लिहावं लागायचं. लेखणीखालचं मेण निघायचं आणि मशीनवर तिथून शाई झिरपून तेच पान शंभर कागदांवर उमटायचं. चुकलं तर लाल औषधाचा थेंब लावून वाळेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा लिहायचं. सरांनी आपल्या हाताने लिहिलेले मूळ कागद माझ्याकडे दिले. मी ते ओढणीत गुंडाळून घरी नेले. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कागद नुसते लांबून पाहिले. "प्राध्यापकाचं पुस्तक आपली सुनंदा लिहिती," ते फुलबाजारात दिसेल त्याला सांगायचे. "लय जबाबदारीचं काम हाय."

शेवटची पानं मी दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत लिहिली. आमच्याकडे ते दिवस म्हणजे पहाटेपासून झेंडूची तोडणी. बोटं पिवळी झालेली, डोळे चुरचुरत होते. सल्फ्युरिक आम्ल सौम्य कसं करायचं, त्या पानाच्या तळाशी मी आले होते. सरांनी लिहिलं होतं : 'पाण्यात आम्ल थेंब थेंब घालावे व ढवळत राहावे. आम्लात पाणी कधीही घालू नये.' पानावर एकाच ओळीची जागा उरली होती. नवीन मेणकागद घेणं माझ्या जिवावर आलं. दोन वाक्यांचं एक करून टाकू म्हणून मी मान खाली घातली आणि लिहिलं : 'आम्लात पाणी थेंब थेंब घालावे व ढवळत राहावे.'

सरांनी सगळ्या स्टेन्सिली उजेडाकडे धरून तपासल्या. तेही पान तपासलं. स्वतःला पाठ असलेलं वाचताना डोळा पुढे पळतो. त्यांचाही पळाला असणार.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाला होते आणि ती वही पहिल्या वर्षाच्या नव्या मुलांच्या हातात होती. शेजारच्या प्रयोगशाळेत आमचं प्रॅक्टिकल चाललं होतं. भिंतीपलीकडून एकदम किंकाळी आली. आम्ही धावलो. पहिल्या वर्षातला संतोष नावाचा नांदगावचा मुलगा बेसिनपाशी वाकला होता आणि सरांनी त्याचा उजवा हात नळाखाली धरून ठेवला होता. एरवी आम्ल सौम्य करून ठेवणारा सहायक त्या दिवशी रजेवर होता. सरांनी संतोषला सांगितलं होतं, वहीत दिलंय तसं आम्ल तयार कर, मी पाठीशीच आहे. दुसऱ्या एका मुलाने हाक मारली, सर क्षणभर वळले, तेवढ्यात पाणी पडताच चंचुपात्रातलं आम्ल उसळलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला.

"पाणी बंद करू नका रे," सर ओरडत होते. "कोणी नळाला हात लावू नका."

टेबलावर वही उघडी पडली होती. माझं अक्षर मला लांबूनही ओळखू आलं.

त्याच दुपारी मी प्रॅक्टिकल सोडून घरी आले. पत्र्याची पेटी उघडली. तळाशी सरांचे कागद होते. त्यांच्या तिरप्या अक्षरात दोन्ही वाक्यं नीट, जागच्या जागी होती. दुसऱ्या वाक्याखाली त्यांनी रेघसुद्धा मारली होती.

चौकशी बसली. समितीने मूळ हस्तलिखित मागितलं. सर मला व्हरांड्यात भेटले. चेहरा उतरलेला होता, पण बोलणं नेहमीसारखंच होतं. "सुनंदा, मूळ कागद तुझ्याकडेच असतील बघ. उद्या येताना आण."

मी म्हणाले, "सर, ते पावसात भिजले. टाकून दिले."

हे वाक्य मी आदल्या दिवशीच जुळवून ठेवलं होतं, हे मला आज सांगितलं पाहिजे. भीती एकच होती. चौकशीत माझं नाव आलं असतं तर मला घरी बसवलं असतं. आत्या आधीच म्हणत होती, "पोरीला शिकवून काय, पुढं हारच ओवायचेत ना तिला." पण संतोषच्या हाताचं आणि सरांच्या नोकरीचं काय, हा विचार मी केला नाही. म्हणजे केला, आणि बाजूला ठेवला.

"असू दे," सर म्हणाले. "तपासलं मीच होतं ना. लिहितानाही माझंच चुकलं असेल."

त्यांनी तसं लिहून दिलं. कॉलेजने सगळ्या वह्या जमा करून घेतल्या. पुन्हा वही निघाली नाही. पुढच्या मुलांना त्याच इंग्रजी पुस्तकांसाठी ग्रंथालयात नंबर लावावे लागले.

सरांची नोकरी राहिली, पण सर पूर्वीचे राहिले नाहीत. फळ्यावर साधं समीकरण लिहिलं तरी मागे वळायचे आणि विचारायचे, "बरोबर आहे ना हे?" मुलं हसायची. मग सर खिशातला कागद काढून पडताळून पाहायचे. पाण्यात आम्ल की आम्लात पाणी, हे ज्याने हजार वेळा सांगितलं असेल, तो माणूस आपण ते उलटं लिहिलं असं मानून जगत होता. जिन्यात भेटले की नुसते हसायचे. चूक सापडली का, हे त्यांनी पुन्हा कोणालाही विचारल्याचं मी ऐकलं नाही.

मी एम.एस्सी. झाले, सिन्नरला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. मधे बरीच वर्षं गेली. एक दिवस कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एका विद्यार्थिनीने मला काहीतरी दाखवलं. "मॅडम, हे बघा, मराठीत रसायनशास्त्र. फुकट आहे, कोणीही उतरवून घ्या म्हणतात." वहीच होती ती. निवृत्त झाल्यावर सर मराठी टायपिंग शिकले होते आणि सगळी वही पुन्हा बसून लिहिली होती. पहिल्या पानावर तीच वाक्यं. मी थेट शेवटच्या पानावर गेले. चुकांच्या पानावर पहिलीच नोंद होती : 'आम्ल सौम्य करण्याची कृती उलट छापली गेली होती. शोधणारा : संतोष, नांदगाव.'

त्या रविवारी, गणपतीचे दिवस होते, मी पेटीतले कागद घेऊन सरांच्या घरी गेले. नुसते कागद पुढे केले. सरांनी चष्मा लावला. ती ओळ सापडल्यावर त्यांनी तिच्याखाली बोट ठेवलं आणि पुन्हा पुन्हा वाचली.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? मी बरोबर लिहिलं होतं."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी कागद पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

"सर, मी तेव्हा खोटं..."

"मला नको सांगू," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "हात संतोषचा भाजला. नांदगावला स्टँडच्या मागे औषधाचं दुकान आहे त्याचं. त्याला सांग. जाशील?"

"जाते सर."

मी गेले नाही. आधी सहामाही आली, मग दिवाळी, मग धाकट्या भावाचं लग्न. संक्रांतीनंतर सर गेल्याचा फोन आला.

उन्हाळ्यात शेवटी सरांच्या घरून ते कागद परत मागून घेतले आणि नांदगावची बस पकडली. दुकान लगेच सापडलं. काउंटरमागे चष्मा लावलेला माणूस होता, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट. मी नाव सांगितलं, कागद समोर ठेवले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला संतोषने गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं, आणि तो परत माझ्यासमोर आला.

"सर दर दिवाळीला यायचे माझ्याकडे," तो म्हणाला. "फराळाचा डबा घेऊन. दर वेळी म्हणायचे, संतोष, माझं चुकलं रे. मी म्हणायचो, सर, सोडा आता. सोडायचे नाहीत."

"मागच्या दिवाळीलाही?"

"मागच्या पण. असंच म्हणाले."

मागच्या दिवाळीला ते कागद सरांच्या घरी होते. माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. ते मी येऊन सांगायचं, म्हणून त्यांनी तसंच ठेवलं होतं.

संतोष आत गेला आणि एक वही घेऊन आला. जमा करून घेतल्या तेव्हा त्याने ती दिली नव्हती. आम्लाच्या डागांनी दोन पानांना भोकं पडली होती. त्याने शेवटचं पान उघडलं. कोरं होतं.

"सरांनी कॉम्प्युटरवर माझं नाव घातलं. मी काय शोधलं नव्हतं ताई," तो म्हणाला. "तुम्ही लिहा इथं."

त्याने पेन दिलं. मी पान क्रमांक लिहिला, ओळ लिहिली, चूक कोणी केली ते लिहिलं, खाली पूर्ण नाव लिहिलं. संतोषने वही आपल्याकडे फिरवली. आधी ते पान वाचलं, मग मागे जाऊन आम्लाचं पान काढलं आणि दोन्ही पानं शेजारी धरून पाहिली.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," तो म्हणाला, आणि वही मिटून त्याने ती फळीवर ठेवून दिली.