सोळोदरसे

लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत आमचे जुने गुरुजी भेटले. वय ऐंशीच्या पुढे, पण एकोणतिसाचा पाढा भेटेल त्याला घडाघडा म्हणून दाखवत होते. "एकोणतीस चोक सोळोदरसे!" म्हणजे एकशे सोळा. चौथीत मी तिथे "सोळाशे" म्हणालो होतो, तेव्हा यांनी माझा कान रक्त येईपर्यंत पिळला होता.

तसं मी बोलून दाखवलं. गुरुजी हसले. "छे रे, मी कधी कुणाला हातसुद्धा लावला नाही."

आणि असल्या स्मरणशक्तीचं लोक कौतुक करतात! पाढे एका कप्प्यात ठेवायचे, केलेली कृत्यं दुसऱ्यात, आणि दुसऱ्याची किल्ली खुशाल हरवून टाकायची.

"नाव काय म्हणालास?" म्हणत त्यांनी मायेने हात पुढे केला. बोटं गालावर न थांबता थेट कानाच्या पाळीवर गेली. तोच कान, तीच पकड. हाताचा कप्पा शाबूत होता.

पण खरी किळस मला माझीच आली. पन्नाशीचा मी, हातात ताट, आणि माझ्या टाचा आपोआप वर उचलल्या गेल्या होत्या.