जलपरीचा श्वास

मारिकिना नदीकाठच्या गल्लीत सांतोंगचा लेथ दुपारी असा घरघरतो, की शेजारची म्हातारी माणसं त्या लयीवर झोपी जातात. आधी तो जीपनी या प्रवासी गाड्यांचे सुटे भाग कातायचा. आता व्हेपच्या, म्हणजे वाफेच्या सिगारेटच्या, पितळी नळ्या काततो. आत सर्किट नाही की चिप नाही. मधे बॅटरी, खाली बटण, वर तापणारी तार, बस्स. काही बिघडलं तर वीज तोडणारं आत कुणीच नाही. म्हणून नळी घडली की सांतोंग तिच्यात फुंकर घालतो आणि वायू निसटायला बुडाजवळ पाडलेल्या भोकांपाशी तळहात धरतो. झुळूक लागली की डोळे मिटून हसतो, तान्ह्याच्या नाकाशी बोट धरल्यासारखा.

जत्रेत वाफेचा सर्वांत मोठा ढग कोण सोडतो, त्या शर्यतीसाठी त्याने मेहुण्याच्या, रोदेलच्या नळीवर जलपरी कोरली. तिची शेपटी थेट बुडापर्यंत उतरली.

"कुया, दादा, भोकं नको रे पाडूस," रोदेल गयावया करत म्हणाला. "देवीचे वण उठल्यागत दिसेल बिचारी."

सांतोंगचाही जीव जडलेला. त्याने पाडली नाहीत. फुंकरही घातली नाही.

शर्यतीच्या दिवशी रोदेल जेवायला आला. पान्सितच्या, परतलेल्या शेवयांच्या ताटाशेजारी त्याने नळी उघडून ठेवली. बॅटरी घरंगळत सांतोंगच्या हाताशी आली. तिची निळी साल वरच्या काठाला फाटली होती, आतला धातू चमकत होता.

"हे कधीचं?"

"जरासं तर फाटलंय! चालतंय की मस्त."

सांतोंगने रिकामी नळी तोंडाला लावली, बूड तळहाताशी धरलं. गाल फुगले, हाताला काही लागलं नाही. उघडा धातू पितळेला टेकेल, शॉर्ट होईल, बॅटरी वायू सोडेल, आणि वाट एकच उरेल: रोदेलच्या ओठांकडे. जलपरी शांत डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती, खोल पाण्यातून बघावं तशी.

तो उठून ड्रिलपाशी गेला.

"कुया! तिची शेपटी!"

"ओरडू नकोस," नेनिता भावावर खेकसली. "दात पडले तर पान्सित काय शेपटीनं खाशील?" मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही! एवढे दिवस झोपला होतात?"

"हो गं," सांतोंग म्हणाला. "तिच्याच स्वप्नात होतो."

पितळेचे सोनेरी कीस खवल्यांसारखे गळले. फाटकी बॅटरी त्याने बाजूला काढली, कोरी पारखून दिली. नळीत फुंकर घातली. झुळूक तळहातावर आली.

रोदेल संध्याकाळपर्यंत फुगलेलाच होता. बास्केटबॉलच्या मैदानात त्याचं नाव पुकारलं, त्याने बटण दाबलं, आणि पांढरा ढग पसरत दिवे गिळत गेला. त्यात जलपरी दिसेना, रोदेलही दिसेना. सांतोंग गर्दीत उभा राहिला, जिवात जीव नसलेला. ढग विरला. रोदेल खोकत होता, हसत होता, सगळे दात दाखवत.

निकाल काय लागला, सांतोंगने ऐकलंच नाही.