बाई चाखत नसत

आमच्या बाई स्वतः रांधलेला पदार्थ कधीही चाखून पाहत नसत. सॉस रटरटू लागला की त्या लाकडी चमच्यात थोडासा घेत, त्यावर फुंकर घालत आणि चमचा समोर जो कोणी उभा असेल त्याच्या तोंडापाशी नेत. "तू सांग. माझी जीभ म्हातारी झाली," एवढेच म्हणत. मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे अशा एकाग्रतेने पाहत, की उलटतपासणी घेणारा वकीलही साक्षीदाराकडे तसे पाहत नसेल. मी चौतीस वर्षे नागपुरात जिल्हा न्यायालयात नोकरी केली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. चेहरे वाचू पाहणाऱ्या नजरा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण अशी नजर ती एकच. तिचा अर्थ मला वेळेवर कळला नाही.

माझी मुलगी मुक्ता पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात संशोधन करते. पत्नीच्या निधनानंतर दोन वर्षांनी मी तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. तेव्हा तिची फिलाडेल्फियात पाच दिवसांची परिषद निघाली आणि मी तिच्याबरोबर गेलो. त्याआधीच्या एका प्रवासात मी हॉटेलात एकटा राहिलो होतो आणि बंद पडलेल्या लिफ्टबद्दल, अडगळीने अडवलेल्या संकटकालीन दाराबद्दल आणि व्यवस्थापकाच्या उद्धट उत्तराबद्दल तीन स्वतंत्र पत्रे लिहिली होती. ती पत्रे रास्त होती, हे मी आजही सिद्ध करू शकतो. मुक्ताने या वेळी आधीच बंदोबस्त केला होता.

"बाबा, मी ऑलरेडी बुक केलंय. इटालियन कुकिंग क्लास. चार दिवस, सकाळी दहा ते एक. स्वतःच्या हाताने करायचं सगळं. नो आर्ग्युमेंट्स."

"या वयात मी स्वयंपाक शिकू?"

"आई गेल्यापासून तुम्ही रोज खिचडी खाताय, बाबा."

मी बॅग भरायला घेतली.

शहराच्या दक्षिणेकडील इटालियन वस्तीत, चीज आणि ऑलिव्हच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो वर्ग भरत असे. एक लांब लाकडी टेबल, त्याभोवती आम्ही आठ प्रवासी, आणि टेबलाच्या टोकाशी पांढरे केस घट्ट बांधलेल्या, बुटक्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई. सगळे त्यांना 'नोन्ना' म्हणत, म्हणजे आजी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी स्त्री माझी आजी होऊ शकत नाही, असे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. आमच्याकडे शिकवणारीला 'बाई' म्हणतात, तेव्हा मी तसेच म्हणेन, हेही सांगितले. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "लहान शब्द आहे. मला चालेल," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी आमचे भांडण झाले. वर्गाच्या पत्रकात लेखी पाककृती मिळेल असे छापले होते आणि बाईंच्या हाती कागदाचा कपटाही नव्हता. मी पत्रक पुढे केले.

"मिळेल. शेवटच्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत हाताला आठवायला लागलं, तर कागद हवा कशाला?"

"पिठात पाणी किती घालायचे?"

"अंड्याचं अर्धं कवच भरून."

"अंडी लहानमोठी असतात."

"म्हणून तर कवचंही लहानमोठी असतात."

या युक्तिवादाने माझा संताप वाढला. तक्रारीचे पत्र लिहितो, असे म्हणत मी पिशवीतून लिहिण्याचे पॅड काढले. बाईंनी शांतपणे बेसिनकडे बोट दाखवले. "आधी हात धुवा. पीठ लागलेलं पत्र कोणी गांभीर्याने घेत नाही."

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून फिरायला आलेली ऋजुता नावाची एक पुण्याची मुलगी शेजारी उभी होती. ती हसून म्हणाली, "काका, चिल! शी लाइक्स यू, यार. बाकी कोणाशी ती एवढं बोलतच नाही."

मी हात धुतले, पण पत्र लिहिले नाही. बाईंनी तेवढ्यात माझ्या पुढ्यात पिठाचा दुसरा गोळा टाकला होता.

पीठ मळून झाले की नाही, हे ठरवण्याची त्यांची रीत आगळी होती. त्या आम्हाला एक हात पिठावर ठेवायला लावत आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याच कानाची पाळी धरायला सांगत. दोन्ही सारखे लागले की पीठ झाले. आठ प्रौढ माणसे कान धरून उभी आहेत, असे ते दृश्य असे. मी म्हणालो की आमच्याकडे ही शिक्षा आहे. बाई म्हणाल्या, "मग शिक्षा भोगा आणि पीठ मळा." नंतर एकदा त्यांनी विचारले, "न्यायालयात तुम्ही न्यायाधीश होता का?" मी सांगितले की नाही, निकालाचे कागद सांभाळणारा होतो. "म्हणजे सगळं ठाऊक आणि हातात काही नाही. लग्न झालेल्या बाईसारखं," त्या म्हणाल्या. नवरा जाऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. मुलगा दूरच्या राज्यात होता आणि 'घर विकून आमच्याकडे ये' असा धोशा लावत होता. "तिथे मी कोपऱ्यातली खुर्ची होईन," त्या म्हणत. "या टेबलाशी उभी आहे तोवर मी मी आहे. इथून हलवलं की नुसती एक म्हातारी."

तिसऱ्या दिवशी एक लहानशी घटना घडली. बाई मला लाटायला शिकवत होत्या. त्यांचे लाटणे आपल्या लाटण्याच्या तिप्पट लांब होते. मागे शेगडीवर तेलात लसूण ठेवला होता. मला करपल्याचा वास आला आणि मी तसे म्हणालो. बाई चटकन वळल्या. लसूण कोळसा झाला होता. भांडे त्यांच्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी ते बेसिनमध्ये आपटले आणि प्रथमच माझ्यावर ओरडल्या, "तुमच्या बडबडीने माझं लक्ष जातं!" वास आल्याचे सांगेपर्यंत मी एक शब्दही बोललो नव्हतो. तरी मी तो आरोप मान्य केला आणि नवा लसूण सोलायला घेतला.

येथे माझ्या पत्नीविषयी सांगणे भाग आहे. आमच्याकडे महालक्ष्म्या बसत. त्या दिवशी चाळीस पानांचा स्वयंपाक ती एकटी ओढत असे, सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळ्या, आणि त्यातला कणभरही ती जिभेवर ठेवत नसे. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचे नाही, हा आमच्या घरचा नियम. ती वासावर आणि हाताच्या अंदाजावर सगळे निभावत असे. एका वर्षी कढीत मीठ दोनदा पडले. मी भर पंगतीत तिला बोललो. ती वाढता वाढता म्हणाली, "देवींनी काही तक्रार केली नाही." पाहुणे हसले आणि मी अधिकच भडकलो. इतर सगळी वर्षे सगळे चोख झाले होते. त्याबद्दल मी तिला एकदाही काही म्हणालो नाही. मी आयुष्यात शेकडो पत्रे लिहिली, वीज मंडळाला, महापालिकेला, टपाल खात्याला, आणि त्यातले एकही कोणाची स्तुती करणारे नव्हते.

तेव्हा शेवटच्या दिवशी बाईंनी सॉसचा चमचा माझ्यापुढे धरला आणि माझ्या मनात एकाएकी लख्ख प्रकाश पडला, असे मला वाटले. चार दिवसांत त्यांनी एकदाही काही चाखले नव्हते. मी घास घेतला. मी चष्मा काढून डोळे पुसले. मी विचारले, "तुम्ही देवासाठी चाखत नाही ना? माझी पत्नीही चाखत नसे."

बाईंनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी माझे मनगट पिठाच्या हाताने धरले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "प्रत्येक घराचा एक नियम असतो. घरचा नियम घरातच राहू द्यावा."

मला तो विनय वाटला. कायद्याच्या भाषेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक साधी विनंती ओळखता आली नाही.

स्टेट कॉलेजला परतताच मी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या संचालकांना पत्र लिहिले. ते माझे पहिले स्तुतिपर पत्र होते. तीन पाने झाली. बाई एकही पदार्थ न चाखता रांधतात, हे मी चार दिवसांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे नोंदवले. अशी निष्ठा मी फक्त माझ्या दिवंगत पत्नीत पाहिली होती, आणि अशा शिक्षिकेचा संस्थेने जाहीर सन्मान करावा, असे सुचवले. मुक्ता वाचून म्हणाली, "बाबा, हे खूप सुंदर आहे. पण पाठवायलाच हवं का?" मी म्हणालो की चांगले काम नोंदीवर यायलाच हवे. पत्र मी पोचपावतीसह पाठवले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते अत्यंत सभ्य होते. माझ्या पत्रामुळे एक गंभीर बाब निदर्शनास आल्याबद्दल संचालकांनी माझे आभार मानले होते. चौकशीत बाईंनी कबूल केले होते की तीन वर्षांपूर्वीच्या एका आजारापासून त्यांना वास आणि चव दोन्ही कळत नाहीत. जिथे गॅस पेटतो, तिथे वास न येणारी व्यक्ती ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नव्हते. सबब त्यांना कामातून मुक्त करण्यात आले होते. माझ्या जागरूकतेबद्दल मला पुढच्या वर्गात विनामूल्य प्रवेश देऊ केला होता.

मी ते पत्र टेबलावर ठेवले. मुक्ताने पाणी आणून दिले.

त्यानंतर मी लिहीत सुटलो. व्याधीच्या कारणावरून कोणाला कामावरून काढता येत नाही, याविषयीचा तिथला कायदा मी ग्रंथालयात बसून वाचला. वासाची सूचना देणारे यंत्र भिंतीवर बसवता येते, मदतीला दुसरे नाक ठेवता येते, हे मुद्देसूद मांडले. मी सात पत्रे लिहिली. सातव्याला संस्थेच्या वकिलाचे एका ओळीचे उत्तर आले: आपण या प्रकरणात पक्षकार नाही. हेच वाक्य मी न्यायालयाच्या खिडकीत बसून चौतीस वर्षे लोकांना ऐकवले होते. ते ऐकल्यावर माणसे तशीच उभी का राहत, लगेच निघून का जात नसत, हे मला त्या दिवशी कळले.

बाईंना मी माफीचे पत्र खालच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवले. त्यांचे उत्तर आले ते शाळकरी मुलीसारख्या मोठ्या अक्षरांत. सोबत एका घडीच्या कागदावर सॉसची पाककृती होती. पत्रकात कबूल केलेली लेखी पाककृती शेवटच्या दिवशी द्यायची राहून गेली होती.

त्यांनी लिहिले होते: "संचालकांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी कधी लिहिलं नव्हतं. मी त्याची प्रत मागून घेतली आहे. तुम्ही रागावू नका, तुम्हाला राग फार लवकर येतो. घर विकलं. पुढच्या महिन्यात मुलाकडे जाईन. एकच विचारायचं आहे. मी तीन वर्षं लोकांचे चेहरे बघून मीठ ओळखत होते. सगळ्यांचे चेहरे मला वाचता आले. शेवटच्या दिवशी तुमचा आला नाही, कारण तुम्ही रडायला लागलात. त्या सॉसमध्ये मीठ बरोबर होतं का? तुमच्यानंतर माझा वर्ग भरलाच नाही. तो माझा शेवटचा सॉस होता, म्हणून विचारते."

मी ते पत्र अनेकदा वाचले आणि तो घास आठवण्याचा प्रयत्न केला. टोमॅटोची ऊब आठवली, चमच्याचे लाकूड आठवले, मनगटावरचे पीठ आठवले. मीठ आठवले नाही. घास तोंडात होता तेव्हा मी पत्नीचा विचार करत होतो, आणि खरे सांगायचे तर स्तुतिपत्राचे पहिले वाक्यही मनात जुळवत होतो. बाईंनी ज्या चवीसाठी माझ्या जिभेवर भरवसा ठेवला, ती चव मी घेतलीच नव्हती.

ज्याचा पुरावा माझ्यापाशी नाही, असे एकही विधान मी तोपर्यंत सहीनिशी केले नव्हते. त्या दिवशी केले. मी लिहिले: "मीठ अगदी बरोबर होते." खाली सही केली, तारीख घातली, आणि पत्र पोचपावतीसह टाकले.

ते परत आले. या पत्त्यावर राहत नाहीत, असा शेरा होता. मुलाचा पत्ता दुकानदारापाशी नव्हता, आणि संस्थेने तो मला देण्याचे नाकारले.

आता मी नागपुरात आहे. त्या पाककृतीने कधीकधी सॉस करतो, पिठात पाणी अंड्याच्या कवचाने घालतो, आणि सॉसमध्ये मीठ घातल्यावर चाखत नाही. परत आलेले पाकीट मी फोडलेले नाही. त्यातले विधान निराधार आहे, हे मला ठाऊक आहे. ते मागे घेण्याचा माझा इरादा नाही.