फ्रेंच कशाला, नसीम?

नसीम गेल्याचा मेसेज आमच्या मस्कतच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी शाळेच्या लायब्ररीत नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. बातमी मला सकाळीच कळली होती, तिच्या नवऱ्याने, इक्बालभाईंनी, फोन केला होता. मला लागलं ते मेसेजच्या खालचं. हात जोडलेली चित्रं, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि मग एकीने लिहिलं, "बिचारी... हौसेने फ्रेंच शिकत होती, तेही अर्धवटच राहिलं." त्याखाली रडक्या चेहऱ्यांची ही रांग! माझं डोकंच फिरलं. अगं बायांनो, अर्धवट काय अर्धवट? तुम्हाला काय ठाऊक? पण दफन व्हायचं होतं, त्या दिवशी भांडण शोभलं नसतं. आता चाळीस दिवस उलटलेत. आता लिहिते.

नसीम रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची, मी चिपळूणची. मस्कतजवळच्या अल अमेरातला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ती दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. पहिल्याच दिवशी जिन्यात अडवून म्हणाली, "काय गो, चिपळूणची ना तू? मग तुझ्या घरातून आमटीचा वास का येत नाही?" असा स्वभाव. मस्कतच्या रुवी भागात त्यांचं कापडाचं दुकान, आणि काउंटर तिच्या ताब्यात. ओमानी बायकांशी अरबीत घासाघीस करायची, शेजारच्या नर्सशी मोडकं मल्याळम बोलायची. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली आणि चोपन्नाव्या वर्षी या बाईने भारतातल्या एका विद्यापीठात, दूरशिक्षणाने, फ्रेंचला नाव घातलं. पहिली पायरी पार करून ती मध्यम स्तराला बसली, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की हे खूळ काही उतरत नाही.

मग सगळ्यांचा एकच प्रश्न. कशाला? मुलगी फ्रेंच माणसाशी लग्न करतेय का? कॅनडाला जाणार का? नसीम प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायची. शेजारच्या दुकानदाराला म्हणाली, पळून जाणार आहे. नणंदेला सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय, डोक्याला व्यायाम म्हणून. इक्बालभाई मात्र खरंच हैराण झाले होते. भला माणूस, तिला कधी कशाला नाही म्हटलं नाही, पण हे त्यांच्या गळी उतरेना. जेवायला बसले की विचारायचे, "फ्रेंच कशाला, नसीम?" आणि ती म्हणायची, "भात घ्या."

मला एकदाच खरं उत्तर मिळालं, अझैबाच्या किनाऱ्यावर चालताना. "सुलभा, शिवण शिकले सासूच्या धाकाने. गाडी शिकले पोरांच्या शाळेसाठी. अरबी शिकले दुकानासाठी. जे शिकले ते कुणाच्या तरी कामाचं. हे फ्रेंच कुणाच्या बापाच्या कामाचं नाही गो. म्हणून ते माझं." माझं असं काय आहे, ते मला तेव्हा आठवेना.

तिचा वर्ग रविवारी. तिकडे सुट्टीचा दिवस, इकडे आठवड्याच्या कामाचा पहिला. त्यामुळे ती दुकानात, अबायाच्या, म्हणजे बुरख्याच्या, काळ्या कापडाच्या ताग्यांना फोन टेकवून, कानात इअरफोन घालून बसायची. गिऱ्हाईक आलं की बोटांनीच विचारायची, किती मीटर? आणि तोंडाने तिकडच्या मॅडमना फ्रेंचमधून उत्तर द्यायची. एक ओमानी आजी ते ऐकायला मुद्दाम रविवारी यायची. कापड घ्यायचीच असं नाही.

लेखी पेपर ती मुंबईला जाऊन देऊन आली. मौखिक परीक्षा ऑनलाईन होती आणि तिथे घोटाळा झाला. विद्यापीठाला भारतातला पत्ता हवा होता म्हणून परीक्षेचं पत्र रत्नागिरीला तिच्या बहिणीकडे गेलं. आता मस्कतला माणूस असलेल्या प्रत्येक घरात एक रीत असते. आमचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे, म्हणून तिकडचे लोक वेळ सांगताना दीड तास वजा करूनच सांगतात. "तुझ्या घड्याळात सातला साखरपुडा आहे." बहिणीने आयुष्यभर तसंच सांगितलं होतं. नेमकं त्या दिवशी पत्रातलं बघून तिने सरळ वाचलं, साडेदहा. नसीमला वाटलं, आपलेच साडेदहा. नवी ओढणी घेऊन, पाणी भरून, साडेदहाला बसली, तर परीक्षा दीड तासापूर्वीच होऊन गेलेली. गैरहजर! लेखीचे गुण राहणार होते, पण मौखिकासाठी संपूर्ण सत्र पुन्हा करावं लागणार होतं. बहीण फोनवर रडत होती आणि नसीम तिलाच समजावत होती. इक्बालभाई म्हणाले, "खलास. झालं ना आता? बस कर." तिने त्याच संध्याकाळी पुन्हा अर्ज भरला.

पुढच्या चार महिन्यांत पोटाचं दुखणं सुरू झालं, आणि तपासणीत नको तेच निघालं. उपचार इथेच करायचे ठरले. केस गेले, वजन गेलं, तरी रविवार चुकला नाही. मौखिक परीक्षा पुन्हा आली तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. वेळ मात्र या खेपेला तिने स्वतः मोजली, मला मोजायला लावली, आणि नर्सलाही. इक्बालभाई पलंगाशी हात जोडून उभे होते. "फ्रेंच कशाला, नसीम? ताकद वाचव." ती म्हणाली, "वाचवू कशासाठी? सांगा ना. आणखी कशासाठी वाचवू?" ते बाहेर जाऊन बसले.

फोन मी धरला होता. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण चेहरे दिसत होते. परीक्षक बाईंनी काहीतरी विचारलं, नसीमने उत्तर दिलं, आणि त्या बाई एकदम थांबल्या. चष्मा काढला. हळू आवाजात काही बोलल्या. नसीमने मान हलवली आणि चांगल्या ठणठणीत आवाजात एक वाक्य टाकलं. परीक्षा पुढे सुरू झाली. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांनी विचारलं, तुमचा दिवस कसा जातो. मी खरं ते सांगितलं. तर म्हणाल्या, पुरे, आपण इथेच थांबू, मी समजू शकते. मी म्हटलं, बाई, अजून आठ मिनिटं आहेत, ती माझी आहेत." मग ती झोपली. मी तिचा हात धरून बसले आणि खूप रडले. रडू दुःखाचं होतं, पण त्यात अभिमानही होता, आणि तो मी का लपवू?

परीक्षेनंतर सतराव्या दिवशी ती गेली. अमेरातच्या कब्रस्तानातून परतताना कुणीतरी इक्बालभाईंना म्हणालं, उगाच जिवाला त्रास करून घेतला तिने शेवटी. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मी बोलले असते, पण मी तिथे नव्हते, आम्ही बायका घरी होतो.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. पास. मौखिक परीक्षेत पहिला वर्ग. ग्रुपवर मी तेवढंच टाकलं, वर एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून इक्बालभाईंचा फोन आला. प्रमाणपत्र मागवायचा अर्ज भरत बसले होते आणि एका रकान्यापाशी अडले होते. "वहिनी, प्रमाणपत्र कशासाठी हवं, विचारतायत. नोकरी, पुढचं शिक्षण, परदेशगमन... यातलं तर काहीच नाही. 'इतर' निवडलं, तर म्हणे कारण लिहा. रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही."

"लिहा काहीतरी. कोण वाचतंय?"

"काहीतरी कसं लिहू?" ते म्हणाले. मग एका बोटाने टाइप करतानाची टकटक. इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं.

"तिला पाहिजे होतं. एवढंच लिहिलंय. चालेल ना, वहिनी?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं. "पाठवा."