रिकामीच आहेस ना?

लग्न झालं की बाईचं डोकं चुलीत घालणाऱ्या या समाजावर मी आजवर बरीच पत्रकं लिहिली आणि उचगावात दारोदार वाटली. लिहिताना शेजारी चहाचा कप असायचा. तो आई आणून ठेवायची. पत्रकात ती कधी आली नाही.

दर शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या देवळाच्या मंडपात आमचं बायकांचं अभ्यास मंडळ भरतं. सुरू मीच केलं. आमच्याकडं बायका जमल्या की सगळ्या एकदम बोलतात, तेही मोठ्यानं. म्हणून नियम घातला: कुणाचं खोडायचं असेल तर आधी तिचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. ती 'व्हय' म्हणाली, तरच पुढं बोलायचं. या नियमाचा मला फार तोरा होता.

गेल्या महिन्यात मी नवं पत्रक वाचून दाखवलं. 'फोन ठेवा, पुस्तक उचला!' कानात हेडफोन घालून वावरणारी बाई म्हणजे झोपलेली बाई, असं त्यात ठणकावलं होतं. टाळ्या पडल्या. मग मागून आई उठली. ती मंडळात येते, सतरंजी अंथरते, शेवटी गोळा करते. बोलली कधीच नव्हती.

"मला पटलं न्हाय."

मी हसले. सभेत अडवणाऱ्याकडं बघून वक्ते हसतात तसं. "आधी माझं म्हणणं मांड."

"तुझं म्हणणं असं, की फोन म्होरं टाकंल ते आपण ऐकतो. पुस्तक आपण निवडतो. निवडायची सवय मोडली की डोकं दुसऱ्याचं हुतंय. व्हय का न्हाय?"

"हो." माझ्या चार पानांत हे इतकं स्वच्छ कुठंच नव्हतं.

"मग माझं ऐक. पुस्तक दिसतंय. फोन दिसत न्हाय. म्हणून मला फोनच बरा." आणि ती बसली.

आता तिचं म्हणणं मांडायची पाळी माझी.

"तुला वाचायला वेळ नसतो."

"न्हाय. वेळ हाय."

"पुस्तकं अवघड वाटतात."

"न्हाय."

"तुला करमणूक हवी असते."

"न्हाय गं! काल भाकरी थापताना ऑक्टोपसचं ऐकलं. तीन काळजं असत्यात त्याला. करमणूक कसली त्यात?"

"तीन?" शेजारच्या काकू ओरडल्या. "आमच्या ह्यांस्नी एक बी न्हाय!"

मंडप हसून लोळला. मी चिडून म्हणाले, "आई, सरळ सांग की."

"सरळच सांगितलं की."

वेळ झाली म्हणून मी पत्रकं आवरायला लागले, तर काकू म्हणाल्या, "पळतीस व्हय? नियम तुझाच हाय! मॅडम नापास!"

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. माझ्याच मंडळात, माझीच आई. "मुद्दाम केलंस," मी म्हणाले. "न्हाय गं," म्हणत तिनं भात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंडळाच्या पुस्तकपेटीतलं एक पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसली. टोमणा म्हणून नव्हे. लेकीनं सांगितलंय तर करून बघावं, एवढंच. पहिल्याच पानावर बाबा म्हणाले, "बसलीयास न्हवं, मग गिरणीतनं दळाण आण जा." ती गेली, आली, बसली. काकू विरजण मागायला आल्या. उठली, दिलं, बसली. बोट पानात तसंच. आणि आतून मी, पुढच्या पत्रकाचं वाक्य जुळवत:

"आई, रिकामीच आहेस ना? चहा टाक की."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. उठायला लागली.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "राहू दे, राहू दे," मी म्हणाले.

"आता उठलेच की," म्हणत तिनं चहा केला. आणि मी तो प्यायले. लाज वाटत असताना घोट घोट प्यायले.

पुढच्या शनिवारी उभी राहिले. "हातात पुस्तक असलं की बाई रिकामी दिसते. रिकामी दिसली की घरचे हाक मारतात. कानात फोन आणि हात पिठात असले, तर ती शिकतेय हे कुणाला दिसत नाही. म्हणून तेवढं शिकणं तिचं तिला मिळतं."

"निम्मं झालं," आई म्हणाली. "घरचे म्हंजे कोण?"

"बाबा."

"आणि?"

'पितृसत्ता' हा शब्द जिभेवर तयार होता. प्रत्येक पत्रकात वापरलाय. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"मी."

"व्हय," आई म्हणाली.

"आता खोड की!" काकू म्हणाल्या. "खोडायचं हुतं न्हवं?"

खोडायचं होतं. फोनबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण ते राहू दिलं. सतरंजी त्या दिवशी मी गोळा केली. घडी वाकडी आली.

काल आई पुन्हा उंबऱ्यात वाचत बसली होती. मला चहा हवा होता. मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर सगळे डबे सारखेच, स्टीलचे. एक उघडला, मेथ्या. दुसरा, पोहे. जन्मापासून या घरात चहा पितेय, आणि पूड कुठल्या डब्यात असते ते मला ठाऊक नव्हतं.

"काय शोधतीस गं?" बाहेरून आवाज आला.

"काही नाही. तू वाच."

मी तिसऱ्या डब्याला हात घातला, झाकण वाजू न देता.