इंगळे साहेब आणि लाल कॉल

फोन वाजला की इंगळे साहेब आधी शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मगच उचलायचे. "समोरच्याला कुठं दिसतंय?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मावशी, आवाजात दिसतंय बगा."

चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ते ऑफिस सांभाळायचे. मी कुरुळीहून जाऊन तिथे चहा करायची. माणूस लातूरकडचा, कामसू, पण नवं यंत्र आलं की घरात सून आल्यासारखा हरखायचा.

त्यांनी ऑफिसचे सगळे फोन कॉम्प्युटरला जोडून घेतले. फोन आला की पडद्यावर नाव यायचं. कोणी उचलला तर हिरवं, उचलायच्या आत कट झाला तर लाल. बाहेरच्याला आधी साहेबांचाच आवाज ऐकू यायचा, "नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. विक्रीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा." तो आवाज भरताना त्यांनी बाह्यांची बटणंसुद्धा लावली होती.

"कॉल सुटला की माणूस सुटला," हे त्यांचं नवं वाक्य. महिनाभरात एकही लाल नाव दिसणार नाही, असा शब्द त्यांनी शेठना दिला. शेठ म्हणाले, "दिसलं तर घरी बसायचं."

आमच्या भागात मिसकॉल ही एक भाषाच आहे. कंपनीची बस कोपऱ्यावर आली की ड्रायव्हरचा मिसकॉल, चहा उकळला की माझा. एवढ्यासाठी कोण बोलत बसतं? पण पडद्यावर आम्ही सगळे लाल. साहेब कॅन्टीनमध्ये आले.

"मावशी, मिसकॉल देऊ नका, बोलत जा की."

"काय बोलू?"

"चहा झालाय म्हणा."

"ते तुमाला ठावं हाय. म्हणून तर कट करते."

"नोकरी जाईल हो माझी!"

दुसऱ्या दिवशी बोलायला गेले. यंत्राने नमस्कार केला. एक दाबा, दोन दाबा. चहासाठी काय दाबायचं ते सांगेना. मग म्हणालं, आपण रांगेत आहात. स्वतःच्याच शेगडीपाशी मी रांगेत! शेवटी कोणीतरी उचलला. पडद्यावर मी हिरवी झाले आणि चहा गार झाला.

असे सगळेच हिरवे झाले. एकच नाव लाल राहिलं, दिवसातून कितीदा तरी. ते नाव खुद्द शेठचं. कांद्याच्या व्यापारातून वर आलेला माणूस. फोनला पैसे पडायचे तेव्हापासून एक रिंग देऊन कट करायची, समोरच्याने उलटा फोन करायचा. फोन स्वस्त झाले, सवय तीच.

महिना भरला. शेठ पडदा बघायला आले, चष्मा गाडीत विसरून. मी कप घेऊन उभी होते.

"आरं इंगळे, ह्यो लाल कोण रं? सारखा वाजवतोय आन् कट करतोय!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कपांकडे.

"शेठ, जुनं गिऱ्हाईक आहे..."

"जुनं का आसंना! बंद कर त्याचा नंबर. आत्ता, माझ्यासमोर!"

साहेबांनी वरचं बटण लावलं आणि शेठच्या डोळ्यांदेखत शेठचाच नंबर बंद केला. पडद्यावर लाल काही उरलं नाही. शेठनी पाठ थोपटली.

दोन दिवस ऑफिस शांत होतं. मग शेठ आले, चष्मा लावून. "माझाच फोन लागंना!" तेव्हा साहेबांनी खरं सांगितलं.

"मग त्या दिवशी मिठाची गुळणी धरली व्हतीस का?" शेठ ओरडले.

संध्याकाळी साहेब डब्याची पिशवी घेऊन निघाले. गेटपाशी मला म्हणाले, "मावशी, यंत्राची चूक नाही बगा. त्यानं खरंच सांगितलं होतं."

"व्हय," मी म्हटलं. "तुमीच न्हाई सांगितलं."

लागलं असेल त्यांना. पण नोकरी वाचवायला गप्प बसले आणि गप्प बसल्यानेच ती गेली, याला मी तरी दुसरं काय म्हणणार?

यंत्र अजून आहे. शेठचा मिसकॉल आता पडद्यावर हिरवा दिसतो, नव्या साहेबांनी तशी सोय करून दिली. नमस्कार मात्र अजून इंगळे साहेबच करतात. तो आवाज बदलायचं कोणाला सुचलं नाही.

सणासुदीला माझ्या मोबाइलवर त्यांचा मिसकॉल येतो. एकच रिंग. मी उचलत नाही, उलटी एक रिंग देते. दोघंही बरे आहोत, एवढं कळतं. त्या यंत्राच्या हिशेबाने दोघंही लाल.