एकाच रेघेने खोडायचं

१४ मार्च. दादरचं ऑफिस रिकामं करायचं म्हणून जुन्या नोंदवह्या खोक्यांत भरत होते. तळाला रेघकाकांची वही निघाली.

लिहिताना चुकलं की काका एकच रेघ मारायचे, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. म्हणून रेघकाका. माझ्या हातात व्हाइटनर दिसला की ओरडायचे, "अगं, कुणापासून लपवतेस? पुढच्या माणसाला कळू दे की, आपण कुठे चुकलो ते!"

अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन पाण्याच्या टाकीतून काढून, जाड पिंपात भरून साठवणीच्या जागी नेतात. वाटेत काही गायब होत नाही ना, हे तिथल्या सीलबंद कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून आम्ही इथे बसून तपासायचो. दोघांनी वेगवेगळं पाहायचं, काकांच्या वहीत नोंद करून दोघांनी सही करायची. काका एकही चित्र गाळत नसत.

"काका, पाणीच आहे हो. किती बघायचं?"

"पाणीच आहे, हे बघायलाच बसवलंय आपल्याला, बाई."

चित्र काळं आलं तर बजावायचे, "'काही झालं नाही' लिहू नकोस. 'दिसलं नाही' लिही."

त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची गोष्ट. स्क्रीन त्यांना धूसर दिसत होती. मला परळला मुलीच्या गॅदरिंगला पोचायचं होतं. "मी सगळी पाहिलीत काका, करा सही," म्हटलं. शेवटची पाहिली नव्हती. काकांनी माझ्या शब्दावर सही केली.

नेमकी तीच काळी होती. क्रेन कॅमेऱ्यासमोर थांबली होती. बाहेरच्या निरीक्षकांनी ते शोधून काढलं, सगळी पिंपं पुन्हा तपासावी लागली. इंधन जागच्या जागी होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "सही माझी आहे. मी पाहायला हवं होतं." मी शेजारीच उभी होते. बोलले नाही.

ज्येष्ठ म्हणून ठपका त्यांच्यावर आला. निवृत्त होईपर्यंत त्यांना कॅमेऱ्यांना लावायच्या सीलांच्या स्टोअरमध्ये बसवलं. टेबल आवरून जाताना मला एवढंच म्हणाले, "मुलीचा नाच बघायला मिळाला ना?"

गेल्या महिन्यात काका वारले. आज जेवणाच्या सुट्टीत वही पाहून कुणीतरी म्हणालं, "माणूस लाख, पण शेवटी डोळ्यांनी घात केला." मी मान डोलावली आणि डबा संपवला.

१५ मार्च. सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर ती वही काढली. माझ्या अक्षरातल्या 'सर्व चित्रे पाहिली' यावर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'शेवटची पाहिली नव्हती. पाहिली, असं काकांना मी सांगितलं.' खाली सही आणि आजची तारीख. वही तशीच उघडी नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि ते वाचून होईपर्यंत समोर उभी राहिले.